पाण्यासाठी कापलेला अर्धा गुण

मिदेल्त, १४ ऑक्टोबर १९८९

लल्ला बतूल,

सलाम. तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे, आणि ती मी पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा पिऊन, सही-तारखेनिशी नोंदवतो आहे. पाकीट चिकटवायला जिभेचं टोक पुरतं. तू चारही बाजूंनी पिठाची खळ फासलीस. मी सुरी चालवली, मग चमच्याचा दांडा, शेवटी दात. त्यात तुझा सलाम आणि तुझं गाऱ्हाणं एकमेकांना चिकटून दोन्ही फाटले. बावीस वर्षं मी पोरांना रासायनिक बंध शिकवतो आहे; इतका पक्का बंध मला प्रयोगशाळेत एकदाही करून दाखवता आलेला नाही.

तुकडे जुळवून हाती लागलं ते एवढं. तू म्हणजे माझ्या आईच्या मावसबहिणीची नात, लाराशच्या जिन्यात उभी राहून माझ्या नव्या कोटावर सार्डिन धुतलेलं पाणी ओतणारी. (ते प्रकरण मी विसरलेलो नाही.) तू आता दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतेस. मे महिन्यात रबातला प्रयोगशाळा-सहायकाची परीक्षा आहे, आणि त्यात रसायनशास्त्राचा पेपर आहे. नापास झालीस तर तुझा भाऊ लारबी उन्हाळ्यात आजीचं घर विकून तुला टँजियरला नेणार, त्याची चार पोरं सांभाळायला. यानंतर 'आणि खरं सांगायचं तर' असे शब्द होते. खरं काय ते खळीत गेलं.

शिकवतो. तसाही मी यंदा स्वतःच शिकतो आहे. सगळं आयुष्य हा विषय फ्रेंचमध्ये शिकलो आणि शिकवला, आता सरकारी हुकमाने माझ्या वर्गाला तो अरबीत सांगायचा आहे. म्हणजे तू आणि मी एकाच इयत्तेत. वर्गाचं अरबी पुस्तक सोबत धाडतो आहे.

पहिला धडा. अणूच्या नावाभोवती त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी मांडायचे. हायड्रोजनकडे एकच ठिपका, त्याला दोन हवेत. बाकी बहुतेकांना आठ हवेत. कुणाकडेच पुरेसे नसतात, म्हणून ते एकेक ठिपका पुढे करून जोडी करतात आणि ती दोघांच्या हिशेबात धरतात. सगळं रसायनशास्त्र या एका चलाखीवर उभं आहे.

मफद्दल

---

लाराश, ३ नोव्हेंबर

सी मफद्दल,

सलाम. खळीचं कारण खालच्या मजल्यावर राहतं, तिचं नाव फामा. मी दिवसभर दवाखान्यात, त्यामुळे येणारी-जाणारी पत्रं तिच्या हातून जातात, आणि तिची किटली सदा चुलीवर असते. तुमचं पत्र तिने वाफेवर उघडलं हे मला कसं कळलं? तिनेच सांगितलं. जिन्यातून ओरडली, "अगं बतूल, त्या मास्तराने अक्षरांभोवती ठिपके काढून पाठवलेत! मशिदीतला फकीह ताविजात लिहितो तसे! नवरा परत यायला का गं?" मी म्हटलं, हो. तर म्हणते, "मग माझ्यासाठीही एक मागव. माझा घरातच आहे, पण उठत नाही."

खळ चालूच राहील. तुमचे दात सांभाळा.

फाटलेलं वाक्य असं होतं: आणि खरं सांगायचं तर पोरं सांभाळायला माझी ना नाही, पण एकदा ते घर सुटलं की मला माझं दार उरणार नाही. बूसलहाम बेल्जियमला गेला त्याला सहा वर्षं झाली. शेवटचं पत्र चार वर्षांपूर्वीचं, त्यात बर्फाचं वर्णन होतं. मी ना बांधलेली, ना सुटलेली.

म्हणून तुमचं पुस्तक उघडलं तेव्हा मला हसू आवरेना. पुस्तकात ठिपक्यांच्या जोडीला 'झौज' म्हटलंय. काझीच्या कागदावर झौज म्हणजे नवरा. आणि आमच्या मासळीबाजारात त्याचंच 'जूज' झालंय, म्हणजे नुसते दोन. जूज सार्डिन, जूज लिंबं. पुढच्या पानावर तर मोठ्या अक्षरांत: 'न बांधणारा झौज'. अहो, याला मी ओळखते! लग्नात माझ्या शेजारीच बसला होता.

बतूल

---

मिदेल्त, २६ नोव्हेंबर

लल्ला बतूल,

तुझा विनोद माझ्या वर्गाने आधीच केला. मी फळ्याकडे तोंड करून 'न बांधणारा झौज' म्हणालो, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "उस्ताद, मग तो घरी जेवायला तरी येतो का?" पाच मिनिटं वर्ग गेला. फ्रेंचमध्ये हे शब्द रुक्ष होते, कुणी हसत नसे. मी त्या जोडीला आता 'मोकळी जोडी' म्हणतो. पुस्तकातही तो पर्याय आहे.

इथे पुदिना संपला. थंडी पडली की चहात शीबाचा पाला घालतात. कडू. पेले सहाच्या खोक्यात मिळतात म्हणून माझ्याकडे सहा आहेत. पाचांवर धूळ आहे.

पाणी. ऑक्सिजनकडे सहा. दोघा हायड्रोजनना एकेक पुढे करतो, म्हणजे बांधलेल्या जोड्या दोन झाल्या. उरलेलं कुणाला वाटायचं नाही, माया आली तरी नाही. ऑक्सिजनवर जूज सोड आणि हात आवर.

सोबत चाचणी आहे, वीस गुणांची: हायड्रोजन, पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन. पाचही रेणू ठिपक्यांनी काढून पाठव. मी गुण देताना नातं पाहत नाही, आणि कोट तर अजिबात विसरत नाही.

मफद्दल

---

लाराश, २० डिसेंबर

सी मफद्दल,

उत्तरं सोबत आहेत. भांडी वाळत ठेवल्यावर खिडकीत बसून काढली. नायट्रोजनला फार त्रास झाला. दोघे सारखेच हट्टी, एक जोडी केली तरी भागेना, दोन केल्या तरी भागेना. तीन केल्या तेव्हा गप्प बसले.

फामा ताविजाची वाट पाहते आहे. तिला मी कार्बन डायऑक्साइड काढून दिला. तो सरळ रेषेत आहे, ताठ, म्हणजे उशीखाली ठेवायला बरा. पण मग मला प्रश्न पडला. तो सरळ, आणि तुमच्या पुस्तकात पाणी मात्र कोपरात वाकवलेलं. दोघांत तीन-तीनच अणू. मग पाण्याला काय झालं?

पाण्याबद्दल आणखी एक ओळ अगदी खाली, कडेला लिहिते आहे. तेवढी जरूर वाचा.

(खालची पट्टी पाकिटाला चिकटून फाटली आहे.)

---

मिदेल्त, १६ जानेवारी १९९०

लल्ला बतूल,

झादच्या घाटात बर्फ होतं, टपाल अकरा दिवस अडकलं. खालची ओळ नेहमीप्रमाणे खळीने खाल्ली. महत्त्वाची असती तर वर लिहिली असतीस.

निकाल. विसापैकी साडेएकोणीस. माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत, कुणाला हा आकडा माझ्या हातून पाहायला मिळालेला नाही. अर्धा गुण पाण्याचा गेला. कार्बनजवळच्या ऑक्सिजनना तू मोजून चार-चार ठिपके दिलेस, आणि पाण्यातल्या बिचाऱ्याला दोनच. उरलेले दोन काय फामाला दिलेस? मी स्पष्ट लिहिलं होतं. चूक हलगर्जीपणाची आहे. उत्तरपत्रिका पुराव्याला माझ्याकडे ठेवतो.

आता वाकण्याचं. बांधलेल्या जोडीला दोन्हीकडून अणू ओढून धरतात, म्हणून ती अंग चोरून राहते. मोकळ्या जोडीला पलीकडून ओढणारं कुणी नसतं. ती पसरते, जास्त जागा अडवते आणि शेजाऱ्यांना ढकलते. पाण्यात अशा दोन आहेत. त्या दिसत नाहीत, पण पाणी वाकलंय ते त्यांच्यामुळे. कार्बन डायऑक्साइडमध्ये मधल्या कार्बनवर एकही मोकळी जोडी नाही, म्हणून तो ताठ.

हे मला माझ्या खोलीवरून पटतं. माणूस एक, खुर्च्या तीन. एकीवर मी, एकीवर वह्या, एकीवर कोट. कुणी आलंच तर बसवायला जागा नाही. परवा शेजारचा लोहार सरपण द्यायला आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "उस्ताद, तुमच्याकडे पाहुणे आहेत वाटतं, मग येतो." पाहुणा म्हणजे तो कोट.

मफद्दल

---

लाराश, ८ फेब्रुवारी

सी मफद्दल,

अर्ध्या गुणाचा निषेध. तुम्ही जे लिहिलंत तेच मी काढलं. जुनं पत्र काढून बघा, पण ते तुमच्याकडे कुठे असणार, ते माझ्याकडे आहे. हलगर्जीपणा हा शब्द मला सासूनेही कधी लावला नव्हता, आणि तिचा शब्दसाठा मोठा होता.

लारबी येऊन गेला. चहा ठेवायच्या आत भिंतींवर बोटं वाजवायला लागला.

"ओल आहे. भाव येणार नाही."

"मग विकू नकोस."

"बतूल, तू चाळिशीला आलीस."

"तेहतीस."

"तेच ते. त्या ठिपक्यांनी पोट भरणार आहे का तुझं? परीक्षा होऊ दे, मी शब्द दिलाय. पण पास झाली नाहीस तर जुलैत किल्ली माझ्याकडे."

मी म्हटलं, लिहून दे. त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. पुढच्या पानावर अमोनिया होता.

त्यावरून आठवलं. प्रयोगशाळेत काचा आम्ही अमोनियाने धुतो. डोळे मिटून बाटल्या ओळखायच्या असतील तर ती एकच मला ओळखता येते. तिच्या नायट्रोजनवर एक मोकळी जोडी उरते, हे आता कळलं. पण ती तिथे नुसती बसून असते का? तिला काही काम नाही?

बतूल

---

मिदेल्त, २५ फेब्रुवारी

लल्ला बतूल,

हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नाही. बावीस वर्षांत नाही.

तिला काम आहे. कधीकधी असा एक हायड्रोजन भेटतो ज्याच्याकडे स्वतःचा इलेक्ट्रॉन उरलेलाच नसतो. रिकाम्या हातांचा, समज टक्कल पडलेला, समज एकोणपन्नास वर्षांचा. जोडी करायची तर त्याने एक ठिपका द्यायला हवा, तो त्याच्याकडे नाही. तेव्हा अमोनियाचा नायट्रोजन आपली मोकळी जोडी त्याच्यापुढे धरतो. दोन्ही ठिपके एकाचेच. पण बंध एकदा झाला की तो इतर बंधांसारखाच होतो, दिलं कुणी आणि घेतलं कुणी ते नंतर ओळखूही येत नाही. रेणू स्थिर होतो. तो झोंबणारा वासही जातो.

अशा घरात दारं दोघांची असतात. आणि मिदेल्तला प्रयोगशाळा नसली तरी दवाखाना आहे, सफरचंदं आहेत, उन्हाळा थंड आहे. तुझा अभ्यास चालू राहील. मी काल एक पेला धुऊन ठेवला.

हे परीक्षेत येण्याची शक्यता कमी आहे. तरी विचार करून उत्तर दे.

मफद्दल

---

मिदेल्त, १ एप्रिल

लल्ला बतूल हिच्या सेवेशी,

पाच आठवडे झाले, आपलं उत्तर नाही. मी घाटात चौकशी केली, बर्फ नाही. पोस्टात चौकशी केली, त्यांनी मला ओळख दाखवणंच बंद केलंय. फेब्रुवारीच्या पत्रातला तो धडा अभ्यासक्रमाबाहेरचा होता. वाचला नसेल तर वाचू नये, वाचला असेल तर विसरावा. आपल्या परीक्षेला सात आठवडे आहेत आणि शिक्षकाने विद्यार्थ्याचं लक्ष विचलित करणं हा हलगर्जीपणा आहे. रमझानचा चौथा दिवस आहे, डोकं ठिकाणावर नाही, हेही लक्षात घ्यावं.

नायट्रोजन पुन्हा काढून बघावा.

मफद्दल

---

लाराश, ३ मे

सी मफद्दल,

आधी हे 'आपण-आपण' बंद करा, मला जिन्यात कुणी तिसरं उभं आहे असं वाटतं.

मी रागावले नव्हते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बूसलहामकडून पाकीट आलं. फामाने ते उघडलं, वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता वर आली. माझ्या हातात दिलं आणि शेजारी बसून राहिली. आत तलाकचा कागद होता. तिकडे त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. पत्र वेगळं नव्हतं. यावेळी बर्फाचंसुद्धा वर्णन नव्हतं.

मी रडले ते कशाला, ते मलाही सांगता येत नाही. सहा वर्षं जो नव्हता तो गेला म्हणून कुणी रडतं का? लारबीने टँजियरहून निरोप पाठवला की आता तर काही अडचणच उरली नाही. त्याच्या सार्डिनच्या गोदामाचे भागीदार हाज सल्लाम विधुर आहेत, दात नवीन बसवलेत. मी महिनाभर वही उघडली नाही. मग परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. 'उमेदवाराचा प्रकार' असा रकाना होता. शाळेतून न आलेल्याने काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहेच: मोकळा. मी लिहिलं, आणि तिथेच बाकावर बसून तुमचं फेब्रुवारीचं पत्र परत वाचलं.

विचार करून उत्तर दे म्हणालात. दिलं नाही तर पुन्हा गुण कापाल.

तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर आहे. मी काढून पाहिलं. बंध होतो, पक्का होतो. पण दोनदा मोजलं, सी मफद्दल: त्यानंतर नायट्रोजनवर मोकळी जोडी उरत नाही. एकही नाही. चारही बाजू भरतात. आणि वास गेला तर डोळे मिटून मी ती बाटली ओळखायची कशी?

मी आत्ताच कुठे माझी जागा अडवायला लागले आहे. जरा पसरून बघते.

तुम्ही रिकाम्या हातांचे नाही. रिकाम्या हातांच्या माणसाकडून कुणी नायट्रोजन शिकतं का? त्या पेल्यातून तुम्हीच चहा घ्या, आलटून पालटून. आणि कोट खुंटीला टांगा.

एकोणीस तारखेला पेपर आहे. अर्ध्या गुणाचं मी अजून सोडलेलं नाही.

बतूल

---

लाराश, २१ जून

सी मफद्दल,

पास. यादीत सातवी. प्रयोगशाळा हीच, फक्त आता बाटल्या धुवायच्या नाहीत, भरायच्या. नेमणूक एक तारखेपासून.

लारबीने साखरेचा मोठा कोन पाठवला, निळ्या कागदातला, आणि सोबत निरोप, "भिंतीची ओल बघून घे." घर राहिलं. हाज सल्लाम यांना दुसरीकडे स्थळ पाहायला सांगितलंय. फामा सगळ्या गल्लीला सांगत फिरते आहे की हा ताविजाचाच गुण, आणि तिचा नवराही परवा उठून मासळीबाजारापर्यंत गेला.

पेपरात पाणी आलं होतं. ऑक्सिजनवर मी चार ठिपके ठेवले. तुम्हाला न विचारता.

आता पाळ्या लागतील, पत्राला हात लागायला उशीर होत जाईल. राग मानू नका. लाराशला आलात तर जिन्यात जपून या, सार्डिन अजून मीच धुते.

बतूल

---

मिदेल्त, ८ जुलै

लल्ला बतूल,

अभिनंदन. वर्गात सांगितलं असतं, पण वर्ग सुटला आहे. इथे कुणी नाही. लोहाराला सांगितलं. तो म्हणाला, "तुमची पोरगी का?" मी म्हटलं, विद्यार्थिनी. तो आत येऊन बसला. खुर्ची मोकळी होती.

सुट्टीत कपाट आवरलं. तुझी पाकिटं आहेत, सगळी. काल डिसेंबरचं काढून किटलीच्या वाफेवर धरलं. फामाबाईंना माझा सलाम सांग, या कामाला चिकाटी लागते. चहाचे तीन पेले संपले तेव्हा कुठे खळ सुटली. आतून कागदाची एक पट्टी निघाली. तुझं अक्षर आहे:

'माझ्या मोजणीने पाण्यातल्या ऑक्सिजनवर चार ठिपके उरतात, तुम्ही जूज लिहिलंय. तुम्हीच बरोबर असणार, म्हणून दोन ठेवले.'

मला दोन जोड्या म्हणायचं होतं. मी बाजारातला शब्द लिहिला, आणि तू बाजारात वाढलेली.

पट्टी माझ्याकडे राहू दे. उत्तरपत्रिका परत पाठवतो आहे. साडेएकोणीस खोडून वीस केले आहेत, शेजारी सही आहे. पाण्यातल्या ऑक्सिजनवर जे दोन ठिपके राहून गेले होते ते मी माझ्या हाताने घातले आहेत, लाल शाईत.

पाकीट जिभेच्या टोकानेच चिकटवलं आहे. सहज उघडेल.

मफद्दल